ब्रिएन्झला तळ्याकाठी घर घेऊन राहायचंय, पण स्वयंपाक कोण करणार?

मागच्या अंकात आपण स्वित्झर्लंडला ग्रुप टूरने पळापळ करण्याऐवजी एकाच गावात आठवडाभर अपार्टमेंट घ्यायचं आणि घरच्यासारखं करून खायचं याबद्दल बोललो होतो, आणि उदाहरणाला ब्रिएन्झ हे तळ्याकाठचं गाव घेतलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण जे पुन्हापुन्हा विचारलं गेलंय ते इथे घेतेय.

ताई नमस्कार. आम्ही सहा जण आहोत, मी, मिस्टर, दोन मुलं (वय ११ आणि ५) आणि सासूबाई-सासरे. मिस्टरांना तुमची कल्पना एकदम पटलीय, म्हणतात आईबाबांना टूरची दगदग झेपणार नाही, आपण घर घेऊ आणि करून खाऊ. पण करून खाऊ म्हणजे कोण करणार हो? वर्षभर डबे मीच करते, आता तिकडे जाऊनही कुकर मीच लावायचा का? मग माझी सुट्टी कुठेय यात? – एक वाचक, ठाणे

हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारलात हे फार बरं केलंत. घर घेऊन राहायच्या ट्रिपमध्ये भांडणं होतात ती ट्रेन चुकली म्हणून किंवा पैसे जास्त गेले म्हणून नाही, ओट्यापाशी कोण उभं राहणार यावरून होतात. म्हणून आधी सरळ सांगते, तिकडेही दोन्ही वेळचं तुम्हालाच बघायचं असेल तर हे घर घेऊ नका, पॅकेज टूर घ्या. दगदग झाली तरी चालेल पण निदान आयतं ताट तरी समोर येईल. लाखो रुपये खर्च करून घरातल्या एका माणसाने खिडकीतून तळं बघत भांडी घासायची हे मला अजिबात मान्य नाही.

पण वाटून घेतलंत तर तुमच्यासारख्या कुटुंबाला याच्याइतकी सोयीची ट्रिप नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सासऱ्यांना दुपारी पडायला लागत असेल, धाकट्याला सात वाजताच भूक लागून झोप येत असेल, सासूबाईंना बाहेरचं सलग तीन दिवस खाल्लं की पोटाचा त्रास होत असेल, तर स्वतःचं स्वयंपाकघर असणं म्हणजे काय ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. तिकडच्या गावांमध्ये रेस्टॉरंटची किचन्स रात्री लवकर बंद होतात, फिरून यायला उशीर झाला तर नऊनंतर गरम जेवण मिळेलच असं नाही, आणि अशा वेळी घरात तांदूळ-डाळ असली की वीस मिनिटांत खिचडी.

आता वाटणी कशी करायची. नाश्ता ज्याचा त्याने घ्यायचा, ब्रेड, लोणी, जॅम, दूध, दही, फळं टेबलावर मांडून ठेवायची आणि कुणी कुणाला वाढायचं नाही. सकाळचा चहा सासऱ्यांकडे द्या, बहुतेक सासरेबुवांना मनातून हे काम आवडतं, फक्त कुणी त्यांना विचारलेलं नसतं. दुपारचं बरोबर न्यायचं, सँडविच किंवा पोळीचे रोल, आणि ते भरायचं काम ११ वर्षांच्या मुलाचं, या वयाची मुलं हे आरामात करतात. रात्री एकच भांडं, म्हणजे खिचडी किंवा पुलाव किंवा वरणभात किंवा पास्ता, बरोबर काकडी-टोमॅटो चिरून, बस. पोळ्या लाटायच्या नाहीत हा नियमच करा. पहिल्या दोन दिवसांपुरत्या तिखटामिठाच्या पुऱ्या घरून न्या, नंतर सुपरमार्केटमध्ये मिळणारे टॉर्टिया, म्हणजे तयार पोळ्या, तव्यावर गरम करा, मुलांना चालतात आणि मोठ्यांनीही आठवडाभर चालवून घ्यायला हरकत नाही.

रात्रीचं भांडं मिस्टरांकडे. आणि यासाठी ब्रिएन्झला पोचेपर्यंत थांबू नका, आत्तापासूनच दर रविवारी रात्रीचा कुकर त्यांना लावू द्या, तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा आणि मीठ कुठेय विचारलं तरी उठू नका. निघेपर्यंत त्यांना खिचडी आणि वरणभात येतो. भांड्यांचं फार टेन्शन नसतं, अशा अपार्टमेंट्समध्ये बऱ्याचदा डिशवॉशर असतो, बुक करताना यादीत बघून घ्या आणि नसेल तर दुसरं घर बघा, सहा माणसांना तो लागतोच.

आणि एक गोष्ट नक्की करा. आठवड्यातली एक अख्खी सकाळ फक्त तुमची ठेवा. ब्रिएन्झ स्टेशनच्या समोरच बोटीचा धक्का आहे, तिथून तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या इंटरलाकेन गावातल्या ओस्ट (पूर्व) स्टेशनला जाणारी बोट धरा, सव्वा तासाच्या आसपास लागतो, वरच्या डेकवर बसा, वाटेत छोट्या छोट्या गावांना बोट टेकत टेकत जाते. इंटरलाकेनला उतरून कॉफी प्या आणि ट्रेनने परत या, ट्रेनला जेमतेम वीस मिनिटं लागतात. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ट्रेन-बस-बोटींचा मिळून एकच पास, काढणार असाल तर ही बोट त्यात येते, वेगळं तिकीट नाही. मुलं तोपर्यंत आजोबांबरोबर तळ्याकाठच्या रस्त्यावर फिरतील, काही बिघडत नाही.

पासावरून आठवलं, तुमच्या धाकट्याला सहा वर्षांखालचा म्हणून ट्रेनचं तिकीटच नाही, आणि मोठ्यासाठी स्विस फॅमिली कार्ड मागा, ते मोफत असतं, सहा ते पंधरा वयाची मुलं आई किंवा वडील बरोबर असतील तर त्या कार्डावर फुकट फिरतात. आजीआजोबांबरोबर मुलगा एकटा निघाला तर मात्र ते कार्ड चालत नाही हे लक्षात ठेवा.

मी ७१ वर्षांची आहे. मुलगा-सून नेतायत. घरचं साजूक तूप, कढीपत्ता, थोडे पेढे, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं आणि माझा छोटा कुकर घेऊन जाऊ का? सून म्हणते तूप काढून घेतील. – एक आजी, डोंबिवली

आजी, सूनबाईंचं बरोबर आहे. भारतातून स्वित्झर्लंडला जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर, चीज काहीच नाही, थोडंसं असलं तरी नाही. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे आणि विमान दुबईवरून गेलं तरी तो बदलत नाही. ताजी पानं, भाज्या, मिरच्या, बियाणं यांनाही असाच नियम आहे, झाडांची कीड जाऊ नये म्हणून, त्यामुळे कढीपत्ताही ताजा नको. वाळवून पूड करून चटणीत घाला, तसा नेता येतो.

मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, कोरड्या चटण्या, पोहे, साबुदाणा, डाळी, हे सगळं न्या, पण दुकानातून सीलबंद पाकिटात घेतलेलं असेल तर जास्त बरं, आणि घरचं असेल तर पाकिटावर काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा. लोणचं चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत घालून, नाहीतर तेल कपड्यांना लागतं.

तुपाची काळजी करू नका. तिकडच्या दुकानात ब्राटबुटर नावाचं मिळतं, ते लोणी कढवूनच केलेलं असतं, जवळजवळ आपलं तूपच, फक्त आपल्यासारखं खमंग नसतं. त्याहून चांगलं म्हणजे बिनमिठाचं लोणी आणा आणि पहिल्याच संध्याकाळी घरीच कढवा. स्वित्झर्लंडचं लोणी इतकं चांगलं असतं की बेरी खाली बसून वास सुटला की नातवंडं ओट्यापाशी येऊन उभी राहतील. साधं दही हवं असेल तर नाटूर लिहिलेला योगर्ट घ्या, आणि तिकडे क्वार्क मिळतं ते फडक्यात बांधून तासभर टांगलंत तर चक्क्यासारखं होतं, साखर-वेलची घालून श्रीखंड करता येतं. वेलची मात्र इथून न्या.

कुकर न्या, पण कुठला ते बघा. तिकडे गॅस क्वचितच असतो, काचेची सपाट शेगडी असते. ती साधी असेल तर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं पण तापायला वेळ घेते, आणि इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. मुलाला सांगा घरमालकाला मेल करून शेगडी कुठली ते विचार. नसेल कळत तर इंडक्शनच्या बुडाचा तीन लिटरचा स्टीलचा कुकर घ्या म्हणजे दोन्हीकडे चालेल. फोडणी करताना वरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा, आणि काचेवर ऊतू गेलेलं वाळू देऊ नका, तार घासणी तर लावूच नका, ओरखडे पडतात आणि त्याचे पैसे मागतात.

प्लगचंही सांगून ठेवते, स्वित्झर्लंडचा प्लग बाकीच्या युरोपपेक्षा थोडा वेगळा आहे, आपला जाड तीन पिनवाला तिकडे बसत नाही, अ‍ॅडॉप्टर स्वित्झर्लंडचा म्हणून मागून घ्या. मोबाईलच्या चार्जरची बारीक दोन गोल पिनांची युरोपियन पिन मात्र तशीच बसते.

आणि आजी, तुम्हाला बालेनबर्ग नक्की बघायला सांगते. ब्रिएन्झ स्टेशनवरून बस जाते. १९७८ ला सुरू झालेलं उघड्यावरचं म्युझियम आहे, देशभरातली शंभराहून जास्त जुनी घरं तिथे आणून पुन्हा उभी केलीत. त्यातल्या काही घरांची स्वयंपाकघरं धुराने काळीकुट्ट आहेत, चूल, वर टांगलेली भांडी, पाटे, परड्या सगळं जागच्या जागी. चुलीवर रांधलेल्या बायकांना ते जेवढं कळेल तेवढं नातवंडांना नाही कळणार, तुम्हीच त्यांना दाखवा. चालणं मात्र बरंच आहे, चढउतार आहे, चांगले बूट घाला आणि अर्धंच बघितलं तरी चालेल.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. दुकानात पाकिटं जर्मनमध्ये असतात असं ऐकलं. कसं ओळखायचं? – अहिल्यानगर

पिवळ्या-हिरव्या रंगाचा व्ही-लेबल शिक्का बघा, त्यात शाकाहारी आणि वीगन असे दोन प्रकार असतात, वीगन लिहिलं असेल तर अंडंही नाही आणि दूधही नाही. शब्दांमध्ये आय म्हणजे अंडं, फ्लाइश म्हणजे मांस, शिंकेन म्हणजे हॅम, गेलाटीन म्हणजे जिलेटिन, एवढे चार पाठ करा. मोबाईलमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप टाका, फुकट आहे. चीजचं मात्र बघून घ्या, ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तुम्हाला ते चालणार नसेल तर शिक्का असलेलंच घ्या. रविवारी बेकऱ्यांमध्ये वेणी घातलेला त्सोप्फ नावाचा मऊ ब्रेड असतो, दिसतो फार सुंदर, पण त्यावर चमक यायला अंडं लावतात, तुम्ही तो टाळा. बाकी तांदूळ, मसूर, भाज्या, बटाटे, फळं, नट्स सगळं मुबलक मिळतं. कढीपत्ता, भेंडी, नारळ, इडलीचा रवा असलं काही हवंच असेल तर बर्न किंवा झुरिकमध्ये तमिळ दुकानं आहेत, श्रीलंकेतून ऐंशीच्या दशकापासून तिकडे गेलेली तमिळ मंडळी मोठ्या संख्येने आहेत, त्यांची. येताजाता त्या शहरात थांबणार असाल तर तिथूनच भरून घ्या, ब्रिएन्झसारख्या गावात हे मिळणार नाही.

घरमालकाने दोन पानी नियम पाठवलेत, कचऱ्याची पिशवी वेगळी विकत घ्या, रात्री १० नंतर आवाज नको, रविवारी बाटल्या टाकू नका. हे खरंच पाळायचं असतं का? आम्ही दोन कुटुंबं, चार मुलं. – पुणे

हो, शब्दशः पाळायचं असतं. आपण तिथे कुणाच्या तरी शेजारी राहायला जातो, हॉटेलात नाही, वरच्या मजल्यावर कुणीतरी सकाळी कामाला जाणारं माणूस झोपलेलं असतं. रात्री दहा ते सकाळी सहा-सात शांतता आणि रविवार अख्खा शांत, म्हणजे काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये खळकन टाकणंही नको. चार मुलं असतील तर तळमजल्याचं घर घ्या, हा माझा सल्ला मनावर घ्याच, खालच्यांना पायांचा आवाज जातो म्हणून मुलांवर आठवडाभर ओरडत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. घरात बूट घालून फिरायचं नाही हे तर आपल्याला सांगायलाच नको.

कचऱ्याचं असं आहे की बऱ्याच गावांत कर भरलेली ठरावीक पिशवी किंवा तिच्यावर लावायचं स्टिकर विकत घ्यावं लागतं, साध्या पिशवीतला कचरा उचलत नाहीत. ही पिशवी सुपरमार्केटच्या काउंटरवर मागावी लागते, रॅकवर दिसतेच असं नाही. पिशवी महाग असते म्हणून मग माणूस आपोआप वेगळं करायला शिकतो, प्लास्टिकच्या बाटल्या दुकानातल्या पेटीत परत, काच रंगाप्रमाणे वेगळी, कागद वेगळा. मुलांना हे काम द्या, त्यांना आवडतं.

रविवारी दुकानं बंद हे मात्र सगळ्यांनीच वहीत लिहून ठेवा. शनिवारी संध्याकाळीही लवकर बंद होतात. आणि सीझनमध्ये बरीच अपार्टमेंट्स शनिवार ते शनिवारच देतात, म्हणजे तुम्ही शनिवारी दुपारी बॅगा ओढत पोचणार आणि घरात मीठसुद्धा नसणार. तेव्हा आधी सामान घेऊन मगच आत जा, गावात कोऑप हे सुपरमार्केट आहे, किंवा दोघांनी सामान घरात न्यायचं आणि दोघांनी तसंच दुकानात जायचं. अगदी अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनांमधली दुकानं रविवारीही उघडी असतात. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचंच प्या, रस्त्यावरच्या कारंज्याचंही पिता येतं, फक्त तिथे काइन ट्रिंकवासर असं लिहिलेलं असेल तर पिऊ नका.

मुलांना पोहायचं वेड आहे. तळ्याचा रंग फोटोत निळाहिरवा दिसतो तो खरा का? आणि मुलांना पाण्यात सोडलं तर चालेल का? – कोल्हापूर

रंग खरा आहे. आरे आणि ल्युटशिने या दोन नद्या वरच्या हिमनद्यांकडून येऊन या तळ्यात मिळतात आणि येताना खडकाची पिठासारखी बारीक भुकटी घेऊन येतात. ती पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावर ऊन पडलं की तो दुधाळ निळाहिरवा रंग दिसतो, उन्हाळ्यात बर्फ वितळायला लागला की जास्तच. ढग आले की तेच पाणी करडं होतं, तेव्हा पहिल्या दिवशी ढग असले तर हिरमुसू नका.

पोहण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ज्या कारणाने तो रंग आहे त्याच कारणाने पाणी थंड आहे, ऐन उन्हाळ्यातही. तळं १४ किलोमीटर लांब आणि सगळ्यात खोल जागी २६० मीटर खोल आहे, आणि काठ सोडला की बऱ्याच ठिकाणी एकदम खोली लागते, पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावर पाण्याची सवय झालेल्या मुलांनाही याचा अंदाज येणार नाही. चांगला पोहणारा माणूससुद्धा थंड पाण्यात एकदम उडी मारली की श्वास अडकून घाबरतो. म्हणून जिथे गावाने पोहायची जागा केलीय तिथेच उतरायचं, आधी पाय, मग पोट, मग खांदे असं हळूहळू, मोठं माणूस मुलांच्या हाताच्या अंतरावर पाण्यातच, काठावर मोबाईल घेऊन नाही. बोटीच्या धक्क्यावरून उड्या अजिबात नाहीत. धाकट्यांना काठावर दगड टाकत बसू द्या, त्यात त्यांचा तास जातो.

एकाच गावात सात दिवस काय करायचं? कंटाळा नाही येणार? – निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

सर, गाव छोटं आहे, साधारण तीन हजार वस्तीचं, पण ते बसायला आणि निघायला दोन्हीला चांगलं आहे. लाकडावरच्या कोरीवकामासाठी ते दोनशे वर्षं ओळखलं जातं, कोरीवकाम शिकवणारी शाळा १८८४ पासून आहे, आणि ब्रुनगासे नावाच्या गल्लीतल्या जुन्या लाकडी घरांच्या खिडक्या आणि फुलं बघत चाललात तर तुमची एक संध्याकाळ अशीच जाईल. एक दिवस बोटीने गीसबाखला जा. धबधबा चौदा टप्प्यांनी खाली तळ्याकडे येतो, एका ठिकाणी पाण्याच्या पडद्यामागून चालता येतं, आणि धक्क्यावरून वर नेणारी छोटी दोरीची रेल्वे १८७९ ची आहे. वर एक जुनं भव्य हॉटेल आहे, ते पाडायची वेळ आली होती तेव्हा १९८३ मध्ये फ्रान्झ वेबर या पर्यावरणवाद्याने लोकांकडून पैसे गोळा करून ते वाचवलं. तुम्ही शिक्षक आहात, हे वाचून जा म्हणजे तिथे उभं राहिल्यावर वेगळं वाटेल.

गावातूनच रोटहॉर्न डोंगरावर जाणारी वाफेच्या इंजिनाची दातेरी रेल्वे आहे, १८९२ ची, वरचं स्टेशन २,२४४ मीटरवर. ती उन्हाळ्यातच चालते. १२ ऑगस्ट २०२४ ला मुसळधार पावसाने मिलिबाख या ओढ्यातून दगडमाती गावात आली आणि घरांचं, रस्त्याचं, रेल्वेचंही बरंच नुकसान झालं, त्यामुळे या गाडीचं वेळापत्रक तिच्या वेबसाइटवर बघूनच दिवस ठरवा. एरवीही डोंगराचा दिवस आधीपासून बांधून ठेवू नये, सकाळी उठून डोंगर दिसतायत का बघायचं आणि मग ठरवायचं, घर घेऊन राहण्याचा हाच तर फायदा आहे. टूरमध्ये युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनचा दिवस म्हणजे त्याच दिवशी जावं लागतं, वर धुकं असलं तरी. तिथे जाणार असाल तर लक्षात घ्या ते ३,४५४ मीटरवर आहे, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि पासात ते पूर्ण येत नाही, वरच्या टप्प्याला फक्त सवलत मिळते.

पाऊस येणार हे धरूनच चाला. पावसाच्या दिवशी घरी भजी करा, पत्ते खेळा, दुपारी उघडलं की तळ्याकाठी एक फेरी मारा. अशा दिवसांसाठी बेसन न्यायला विसरू नका.

उन्हाळी सुट्टीत एप्रिल-मे मध्ये जावं की दिवाळीत? – जळगाव

दोन्हीपेक्षा जूनचा पहिला पंधरवडा, शाळा उघडायच्या आत. एप्रिल-मे मध्ये गावात फुलं असतात, गर्दीही कमी, पण वर बर्फ असतो आणि डोंगरावरच्या बऱ्याच गाड्या आणि पायवाटा बंद असतात. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, मुलांना जेवून पुन्हा बाहेर जाता येतं. दिवाळी उशिरा असेल तर तोपर्यंत बोटींचा सीझन संपलेला असतो, बालेनबर्गही बंद झालेलं असतं, मग एवढ्या लांब जाऊन अर्धं गाव बंद बघायचं, मला नाही पटत.

खरंच स्वस्त पडतं का हे? – नाशिक

चार किंवा जास्त माणसं असतील तर जेवणात नक्की वाचतात. साध्या रेस्टॉरंटमध्येही एका माणसाच्या एका डिशला वीस-पंचवीस फ्रँक सहज जातात आणि एक फ्रँक म्हणजे शंभराच्या वर रुपये, सहा माणसांचं एक जेवण म्हणजे किती ते तुम्हीच करा. तेवढ्यात घरी दोन-तीन दिवसांचं सामान येतं. मिग्रोस या सुपरमार्केटचं एम-बजेट आणि कोऑपचं प्री गारांती हे स्वस्तातले ब्रँड आहेत, आणि बंद व्हायच्या आधी ब्रेड, दही, फळांवर २५ किंवा ५० टक्क्यांची स्टिकर्स लागतात, तेव्हा जा.

पण घराचं भाडं बघताना वेबसाइटवरचा पहिला आकडा धरू नका. त्यावर शेवटच्या साफसफाईचे वेगळे पैसे असतात, दर माणशी दर रात्रीचा पर्यटन कर असतो, कधी चादरी-टॉवेलचे वेगळे, कधी डिपॉझिट. छोट्या मुक्कामाला हा साफसफाईचा आकडा फार जड जातो, म्हणून दोनतीन रात्रींसाठी घर घेण्यात अर्थ नाही, आठवडाभर राहा. दोघंच नवराबायको असाल तर हिशोब जवळपास सारखाच येतो, तेव्हा स्वयंपाकाची हौस असेल तरच घ्या. पर्यटन कर भरला की बऱ्याच ठिकाणी गेस्ट कार्ड मिळतं, त्यावर बस आणि काही ठिकाणी प्रवेशात सूट असते, मालकाने दिलं नाही तर मागून घ्या. आणि शेंगेन व्हिसाच्या फाइलला हॉटेलसारखंच अपार्टमेंटचं कन्फर्म बुकिंग चालतं, सगळ्या प्रवाशांची नावं त्यावर असली म्हणजे झालं.

आम्ही स्टुटगार्टला राहतो, आईबाबा पुण्याहून येतायत, त्यांना घेऊन कारने ब्रिएन्झला जाणार. घरातलं सगळं सामान गाडीत टाकून नेलं तर चालेल ना? – स्टुटगार्ट, जर्मनी

चालेल, तुम्हाला सगळ्यात सोपं आहे. भारतातून नेण्यावर जी दुधाच्या पदार्थांची बंदी आहे ती युरोपियन युनियनमधून नेताना नाही, तुमच्या जर्मनीतल्या दुकानातून घेतलेलं तूप, पनीर नेता येतं, फक्त मर्यादा आहेत, लोणी आणि क्रीम माणशी एक किलो, मांस माणशी एक किलो, तेल पाच लिटर. हे धरून सगळ्या सामानाची किंमत मिळून माणशी १५० फ्रँकच्या आत ठेवा, २०२५ पासून मर्यादा ३०० वरून एवढी कमी केलीय. आईंनी पुण्याहून आणलेला डबा मात्र याच्यात येत नाही, त्यांना आधीच फोन करून सांगा.

स्विस हायवेवर जायला विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, लागतं, ४० फ्रँक, वर्षभराचं, आठवड्याचं वेगळं मिळत नाही. आता ते ऑनलाइन गाडीच्या नंबरवर घेता येतं, काचेवरचं स्टिकर चुकतमाकत लावायला नको. स्विस कस्टम्सच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, शोधलं की वरती दलालांच्या साइट येतात आणि त्या जास्त पैसे घेतात. आणि घराबरोबर पार्किंग आहे का हे मालकाला आजच विचारा, जुन्या गल्लीतल्या घरांना ते बऱ्याचदा नसतं, मग बाबांना बॅगांसकट दारात उतरवून गाडी लांब लावून यावी लागते.